‘मला वाटतं’चा डबा

मेरिल हॅगर्टीच्या अंत्यविधीला तिघांनी भाषणं केली आणि तिघांनीही तो शिस्तीचा माणूस होता असं सांगितलं. पहिल्यानं सांगितलं तेव्हा मी दात आवळले. दुसऱ्यानं सांगितलं तेव्हा शेजारच्या बाईनं माझा लाल झालेला चेहरा बघून "बरं वाटत नाही का?" असं विचारलं. तिसरा टॉड व्हिटमोर, मेरिलकडे माझ्यासोबत शिकलेला. तो म्हणाला, "मेरिलनं आम्हाला एकच गोष्ट शिकवली. नियमापेक्षा मोठा कोणी नाही." तेव्हा मी उठले आणि चर्चच्या बाहेर पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. मार्चमधलं शिकागोचं वारं, अंगात कोट नाही. पण आत बसले असते तर तोंडातून काहीतरी निघालं असतं, आणि समोर पेटीत माणूस होता.

तेवीस वर्षं झाली, पण माझा राग शिळा झालेला नाही.

तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. चौदा वर्षं वायदे बाजाराच्या मजल्यावर फोनवर ऑर्डरी घेत होते. डुकरं, गुरं, लाकूड, सगळ्यांचे पुढच्या महिन्यांचे भाव तिथे ठरायचे. पायऱ्यापायऱ्यांच्या खोलगट पिटमध्ये शेकडो बापे उभे राहून एकमेकांच्या अंगावर ओरडायचे. ओरडण्यात शब्द कळत नाहीत म्हणून हातांनी बोलायचं. तळवा आपल्याकडे म्हणजे घेतो, तळवा समोरच्याकडे म्हणजे विकतो. फोनच्या टेबलापासून पिटपर्यंत ऑर्डर अशी हातानं पोचवायची, आणि त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. पण सौदा दुसऱ्याचा, हात तेवढा माझा. माझं नाव आल्डोना स्टँकस. मजल्यावर ते कोणाला माहीत नव्हतं, सगळे मला ‘स्वीटी’ म्हणायचे. भाव कुठे जाईल हे चौदा वर्षांत मला एकानंही विचारलं नाही. कॉफी कुठे मिळेल हे मात्र रोज विचारायचे.

मग हॅगर्टीची जाहिरात आली. वायद्याचे सौदे यंत्रासारखे कसे करायचे ते शिकवू, अनुभवाची अट नाही, डिसेंबरअखेर एकाला कायमचं खातं आणि नफ्यात वाटा. पाच जणांना निवडलं. त्यात मी एकटी बाई. ते एक खातं मला हवं होतं. पैसा कोणाला नको असतो, मलाही हवा होता. पण त्याहून जास्त मला माझा हात माझ्या सौद्यासाठी वर करायचा होता.

वर्ग हॉल्स्टेड स्ट्रीटवर चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या वरच्या खोलीत भरायचा. खोलीत कायम बुटाच्या पॉलिशचा वास. हॅगर्टी वीस वर्षं सोयाबीनच्या पिटमध्ये ओरडून आवाज घालवून बसलेला. बोलायचा घोगरं, पण स्पष्ट.

"तुमच्या अकलेशी मला काही देणंघेणं नाही," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "अक्कलवाले मी ढिगानं पाहिलेत. आज ते टॅक्सी चालवतात."

त्यानं प्रत्येकाला एक पिवळा कागद दिला. त्यावर दहा नियम. पहिला असा: ‘खूण आली की सौदा घ्यायचा. कोणीही मध्ये पडायचं नाही. मीसुद्धा नाही.’ खाली त्याची सही. मग त्यानं टेबलावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला. झाकणाला चीर पाडलेली.

"या खोलीत ज्याच्या तोंडून ‘मला वाटतं’ निघेल, त्यानं यात पंचवीस सेंटचं नाणं टाकायचं."

व्हर्जिल टेट म्हणून एक बस चालवणारा आमच्यात होता. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला वाटतं पाऊस येणार."

"डबा," हॅगर्टी म्हणाला.

"अहो, मी हवेबद्दल बोलतोय."

"सोयाबीनमध्ये भिकेला लागलेले सगळे हवेबद्दलच बोलत होते. डबा."

व्हर्जिलनं नाणं टाकलं. आम्ही हसलो. मला तो माणूस तेव्हा फार आवडला, हे कबूल केलं पाहिजे. नाहीतर पुढचा राग कळायचा नाही.

पद्धत अगदी साधी होती. रोज बाजार बंद झाला की आलेखाच्या कागदावर प्रत्येक मालाचा त्या दिवसाचा वरचा आणि खालचा भाव पेन्सिलीनं मांडायचा. गेल्या चार आठवड्यांतल्या सर्वांत वरच्या भावाच्या वर भाव गेला, की ती खूण. घ्यायचं. सर्वांत खालच्याच्या खाली गेला, की विकायचं. किती घ्यायचं, तोटा झाला तर कुठे बाहेर पडायचं, सगळं आधीच ठरलेलं. दहातले सात सौदे तोट्यात जाणार हेही आधीच ठरलेलं. तोटे छोटे. पण उरलेल्यांतला एखादा असा लांब पळत सुटतो की सगळं भरून काढून वर उरतो. तो कोणता हे आधी कळत नाही. म्हणून एकही सोडायचा नाही. एवढंच शिकायचं होतं. याला चार महिने कशाला लागतात असं ज्याला वाटेल त्यानं सलग नऊ तोटे घेऊन दहाव्यांदा हात वर करून बघावा.

मला मात्र ते जमलं. का जमलं ते सांगते. त्या पिवळ्या कागदाला मी बाई आहे की बाप्या हे माहीत नव्हतं. माझा बाप कत्तलखान्यात डुकरं सोलायचा, माझ्या आईला अजून धड इंग्रजी येत नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. खूण टॉडला आली तशीच मला यायची. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी सरळ वागवत होतं, आणि तो एक कागद होता.

आईला मी हे सांगितलं तेव्हा ती बटाटे किसत होती. आमच्याकडे रविवारी कुगेलिस असतं, बटाट्याचा तो जाड भाजलेला वडीसारखा प्रकार. ती म्हणाली, "तुझा बाप डुक्कर खांद्यावर उचलायचा. तू म्हणे फोनवर उचलतेस. आणि दमून तूच जास्त येतेस."

"नियम पाळून दमते गं."

"मग चर्चला का येत नाहीस? तिथे आज्ञा दहाच आहेत."

"इथेही दहाच आहेत."

"अस्सं. मग देव बदललास म्हण की."

ऑक्टोबरपासून हॅगर्टीनं प्रत्येकाच्या नावे खऱ्या पैशाचं छोटं खातं उघडलं. एकेक आठवडा एकेकानं मजल्यावरच्या टेबलावर बसायचं, बाकीच्यांनी फोनवर आपापल्या खात्याची ऑर्डर सांगायची आणि त्यानं ती हातानं पिटमध्ये पोचवायची. ऑर्डर आधी देऊन ठेवायची नाही, पिटमधले वास काढतात. भाव फुटला की तेव्हाच हात करायचा.

आणि तोट्यांची माळ लागली. डुकरं, गुरं, लाकूड, पुन्हा गुरं. नऊच्या नऊ. मी सगळे घेतले. टॉडनं दोन सोडले. एकदा म्हणे कागद सापडला नाही, एकदा म्हणे पोट बिघडलं होतं. पोट कसलं बिघडतंय, धीर सुटला होता. पण त्याच्या खात्यात माझ्यापेक्षा जास्त शिल्लक दिसायला लागली, आणि हॅगर्टी त्याच्या पाठीवर थाप मारायला लागला. मी मनात म्हटलं, डिसेंबरमध्ये हॅगर्टी कागद काढून बघेल. शिस्तीचा माणूस आहे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात टेबलाची पाळी माझी होती. शुक्रवारी बेलीचा भाव चढायला लागला. बेली म्हणजे डुकराच्या पोटाचं गोठवलेलं मांस, ज्याचं बेकन होतं. आमच्या मजल्यावरचा सर्वांत माथेफिरू माल. चार आठवड्यांचा वरचा भाव होता पौंडाला चौसष्ट सेंट आणि वर चाळीस शतांश. पावणेएकला फळ्यावर चौसष्ट पंचेचाळीस लागलं. खूण.

मी उठले, हात वर करणार तेवढ्यात फोन वाजला. हॅगर्टी. मागे काट्या-चमच्यांचा आवाज. तो शुक्रवारी दुपारी कुठे जेवायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. गावातला एक जुना क्लब. तिथे बायकांना जेवणाच्या दालनात घेत नसत. मागच्या दारानं आत जाता येत असे, पण हातात ट्रे असेल तर.

"स्वीटी," तो म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा. "बेली सोडून दे. पाचही खाती."

"खूण आली आहे, मिस्टर हॅगर्टी."

"माहितेय मला. माझ्यासोबत इथे मांसवाल्यांचा एक माणूस बसलाय. गोदामं गच्च भरलीत म्हणतो. संध्याकाळी आकडे येतील. मला वाटतं सोमवारी आपटणार."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"काय म्हणालात?"

"आपटणार म्हणालो. सोड."

"त्याआधी काय म्हणालात?"

"ए बाई, जेवण गार होतंय. ठेव फोन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ तोटे मी गिळले होते. नऊ वेळा मी त्या कागदाकडे बघून ऑर्डर दिली होती, कारण कागद सगळ्यांना सारखा. आणि हा माणूस जिथे मला पाय ठेवता येत नाही अशा टेबलावर बसून, मटणाचा तुकडा तोंडात कोंबून, तो कागद फाडत होता. नियम जेवायला जात नाहीत. नियमांना मांसवाले मित्र नसतात. मला तेच तर आवडलं होतं.

बाकी चार खाती त्याच्या शब्दावर सोडली, कारण ती माझी नव्हती. पाचव्यासाठी मी हात वर केला, तळवा माझ्याकडे, दोन बोटं. पिटमधल्या आमच्या माणसानं मान हलवली. दोन सौदे, चौसष्ट पन्नासला. फोन अजून माझ्या कानाला होता आणि त्यात गुंग गुंग आवाज येत होता.

तुम्हाला वाटत असेल की आता बेली वर गेली आणि मी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून जिंकले. तसं झालं असतं तर मी आज चर्चच्या पायऱ्यांवर गारठत कशाला उभी राहिले असते.

संध्याकाळी आकडे आले. गोदामं खरंच गच्च होती. सोमवारी बाजार उघडला तोच दोन सेंट खाली, आणि तिथेच कुलूप. एका दिवसात भावानं किती पडायचं याची मर्यादा असते, आणि तेवढं पडला की त्या भावाला सगळेच विकणारे, घेणारा एकही नाही. पाळी संपली होती, तरी मी मजल्यावर उभी, माझा हात वर, तळवा बाहेर. समोर तीनशे तळवे बाहेर. विकायचंय, विकता येत नाही. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. आईनं टर्की केली होती. मी ती नुसती चिवडली. शुक्रवारी सुटका झाली तेव्हा माझ्या खात्याचा चौथा हिस्सा गेला होता.

सोमवारी हॅगर्टीनं वर्ग भरवला. डिसेंबरची वाट बघायची गरज नाही म्हणाला. टेबलावर पाच खात्यांचे कागद आणि शेजारी डबा.

"आल्डोना," तो म्हणाला. आता मला पुन्हा नाव आलं होतं. "तुला फोन करून सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मी पर्समधून पिवळा कागद काढला आणि पहिला नियम वाचून दाखवला. शेवटचे दोन शब्द हळू वाचले. मीसुद्धा नाही. मग त्याची सही सगळ्यांना दाखवली.

व्हर्जिल बुटांकडे बघत होता. त्याला कळलं होतं, पण त्याला तीन पोरं होती.

"आणि तुमचे पंचवीस सेंट राहिलेत," मी म्हणाले. डबा उचलून त्याच्यासमोर ठेवला. "त्या शुक्रवारी पावणेएकला, फोनवर. तुम्ही ‘मला वाटतं’ म्हणालात."

"पण माझं बरोबर निघालं."

"बरोबर निघालं की चूक, याचा नियमात उल्लेख नाही. तुम्हीच शिकवलंत. बरोबर निघालेलं मत सर्वांत वाईट, कारण ते माणसाला पुन्हा पुन्हा बोलायला लावतं. हे तुमचं वाक्य आहे. माझ्या वहीत तारखेसकट आहे."

"मलाही तेव्हा असंच काहीसं..." टॉडनं तोंड उघडलं.

"तू गप्प बस. तुझं पोट बिघडलेलं असतं."

हॅगर्टीचा चेहरा एकदम उतरला. क्षणभर मला वाटलं, हा टाकेल नाणं. देवाशपथ सांगते, त्यानं एक नाणं टाकलं असतं तर खातं टॉडला गेलं तरी मी मान खाली घालून घरी गेले असते, आणि आयुष्यभर त्याला गुरू म्हटलं असतं. त्यानं खिसा चाचपलाही. मग त्यानं पाकीट काढलं, एक डॉलरची नोट काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"सुट्टे नाहीत. ठेव. पुढच्या तीन वेळांचे आगाऊ."

टॉड हसला. मग बाकीचे दोघं हसले. व्हर्जिल हसला नाही. मी पर्स उलटीसुलटी केली. त्याला पाऊण डॉलर परत करायचे होते आणि माझ्याकडे बसभाड्याची नोट सोडून दमडी नव्हती. नोट तिथेच टाकून मी निघाले. जिन्यावरून उतरताना मागून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. खातं टॉडला मिळालं.

त्या चिल्लर हसण्यावर मी नंतर कित्येक वर्षं भांडी घासताना उत्तरं दिली आहेत. एकाहून एक सरस.

घरी आल्यावर मी रडले नाही. आईच्या फडताळातला कॉफीचा डबा घेतला, उरलेली कॉफी बरणीत ओतली आणि झाकणाला सुरीनं चीर पाडली. आई बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. बापाच्या विम्यातलं जे माझ्या वाट्याचं होतं त्याचं मी जानेवारीत एका लहानशा पेढीत खातं उघडलं. एका वेळी एकच सौदा, एवढंच परवडत होतं. कागद तोच. फक्त खालची हॅगर्टीची सही कापून टाकली आणि माझी केली.

पहिली खूण कसली यावी? बेलीची. सकाळी साडेदहाला पेढीवरच्या माणसानं फोन करून भाव सांगितला. मी स्वयंपाकघरात उभी होते. तीन दिवसांचं ते कुलूप डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि फोनवर हात ठेवून आईला म्हणाले, "या वेळी सोडते. मला वाटतं पुन्हा आपटणार."

आई भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला नाही. ओल्या हातानं फडताळावरचा डबा काढला आणि माझ्यासमोर धरला.

मी नाणं टाकलं. मग फोनवरचा हात काढला आणि म्हणाले, "घ्या. एक." भिंतीवरच्या आरशात पाहिलं तर माझा दुसरा हात वर होता, तळवा माझ्याकडे. ते बघायला तिथे कोणीही नव्हतं.

त्या कागदावर मी आजही जगते. तेव्हापासून कोणी मला ‘स्वीटी’ म्हटलेलं नाही, निदान दुसऱ्यांदा तरी नाही.

तर चर्चच्या पायऱ्यांवर मी उभी होते. विधी संपला, लोक बाहेर आले. टॉड थेट माझ्याकडे आला. केस पांढरे झालेत, कोट भारी आहे. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू आलीस, बरं केलंस," तो म्हणाला. "मागचं मनात ठेवू नकोस. मला वाटतं मेरिलला आतून तुझा अभिमान होता."

मी त्याच्यापुढे हात पसरला.

"काय?"

"पंचवीस सेंट."

तो हसायला लागला, मग माझा चेहरा बघून थांबला. खिसे चाचपले. पाकिटातून डॉलरची नोट काढली. "सुट्टे नाहीत गं."

मी नोट घेतली. पर्सचा बाहेरचा कप्पा उघडला. तेवीस वर्षं मी त्यात सुट्टे ठेवते. त्याच्या तळव्यावर एकेक करून तीन नाणी मोजून ठेवली आणि त्याची बोटं माझ्या हातांनी मिटली.